मुहूर्त वजा मामा

मल्हारला लहानपणापासून एकच खोड. कुठलंही काम हातानं दोनदा करायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. आळशी म्हणा, हुशार म्हणा. हल्ली दोन्हीला पगार सारखाच मिळतो. साताऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत तो असल्याच लोकांसाठी सॉफ्टवेअर बनवायचा. वकिलानं, पतसंस्थेनं नाहीतर गाळे भाड्यानं देणाऱ्यानं त्यात नाव आणि तारीख एकदाच भरायची. की करारनामा, नोटिसा, पत्रं सगळं आपोआप तयार. करार कधी संपणार, नोटीस कुठल्या दिवशी द्यायची, मधे रविवार आला तर सोमवार धरायचा, हा सगळा हिशोब मशीन करणार आणि वर 'दिनांक अमुक, वार तमुक, सकाळी इतके वाजून इतकी मिनिटे' असं सुवाच्य मराठीत लिहूनही देणार. तारखा-वेळांची बेरीज-वजाबाकी हा मल्हारचा खास प्रांत. त्यात आपला हात धरणारा कोणी नाही असं तो स्वतःच सांगायचा, तेव्हा खरंच असणार.

तर या मल्हारच्या धाकट्या बहिणीचं, उत्कर्षाचं, लग्न ठरलं. घर कवठे महांकाळजवळच्या वाडीवर, कार्यालय कवठ्यात, दिवस मे महिन्यातला रविवार. स्थळ चांगलं, मुलगा चांगला, देण्याघेण्याची कटकट नाही. सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर उत्कर्षानं एक दिवस भावाला बाजूला घेतलं.

"दादा, मामा पाठीशी नसंल तर मी अंतरपाटाम्होरं जाणार न्हाई. आधीच सांगून ठेवते."

"मग काय, मुहूर्त थांबवायचा व्हय?"

"ते तुझं तू बघ. लय येळंचा हिशोब करतोस न्हवं?"

आता हा मामा कोण, ते सांगायला पाहिजे. भाऊसोमामा म्हणजे यांची आई धोंडुबाई, तिचा थोरला भाऊ. कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत नोकरीला. माणूस सोन्यासारखा, पण वेळेवर पोचणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं. वाटेत ओळखीचा दिसला की थांबणार, अनोळखी दिसला तर ओळख काढायला थांबणार. सहा वर्षांमागं थोरल्या भाचीचं, प्रांजलचं, लग्न होतं. नवरीनं मामाची पिवळी साडी नेसायची आणि मामानं तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मान. मामा निघाला वेळेत. पण कराडला एक मित्र भेटला, विट्याला त्या मित्राचा मेहुणा भेटला, आणि मामा मांडवात आला तेव्हा मंडळी पान खात होती. प्रांजलच्या पाठीशी चुलता उभा राहिला होता. ती मामाकडं बघून भडाभडा रडली. मामा हातातली पिशवी काखेत मारून, न जेवता, आल्या पावली परत गेला. त्या दिवसापासून धोंडुबाई भावाशी बोलली नव्हती. तोही घरी आला नव्हता. मधे कोणी विषय काढला की ती म्हणायची, "त्येचं मला इचारू नगा," आणि भाकरी जरा जोरातच थापायची.

मल्हारनं डोकं लावलं. मामा तीन तास उशिरा येतो ना? मग मामाच्या पत्रिकेवर वेळच तीन तास अलीकडची छापायची. आणि एकट्या मामाचीच का? आपल्या पाहुण्यांत वेळेवर येणारा आहेच कोण! ज्याचा जेवढा उशीर, तेवढी त्याची वेळ अलीकडं. आई चुलीपुढं बसून एकेकाचा उशीर सांगत गेली आणि हा लॅपटॉपवर भरत गेला.

"रंगुबाई आत्या?"

"वन्सं? दीड तास धर. त्यास्नी पातळाच्या निऱ्या दोनदा घालायच्या असत्यात."

"आणि मामा?"

धोंडुबाईनं फुंकणी उचलली आणि चूल फुंकायला घेतली. चूल चांगली पेटलेली होती. मल्हारनं आपल्या मनानंच तीन तास भरले.

वडिलांना, हरिबांना, मुहूर्त विचारला. गुरुजींकडून तो तेच घेऊन आले होते. "अकरा वाजून पाच मिनिटं," ते म्हणाले आणि उगाचच गोठ्याकडं बघायला लागले. मल्हारनं वेळ भरली, बटण दाबलं. पहिल्या खेपेला मशीननं लिहिलं, '११:०५:०० म.पू.' हरिबांनी कागद लांब धरून वाचला.

"ह्ये म.पू. कोण? आमच्या भावकीत असलं कोण न्हाई."

"आवं आबा, मध्यान्हाच्या पूर्वी. मशीनचं मराठी हाय ते."

"मग मशीनच्या लग्नात छाप. आमच्यात सकाळी म्हनत्यात."

मल्हारनं तेही दुरुस्त केलं. सेकंद काढले, 'सकाळी' घातलं, आकडे मराठीत आणले. 'मुहूर्त वजा पाहुणा' असं साधं सूत्र. ज्याचं नाव, त्याची वेळ. पत्रिका नेहमीसारख्या छापून घ्यायच्या, वेळेची ओळ तेवढी कोरी सोडायची आणि ती मागाहून साध्या प्रिंटरवर एकेकाच्या नावानं उमटवायची. छापणारा होता इलियास, मल्हारचा शाळेपासूनचा दोस्त, कवठ्यात त्याचा छापखाना. त्यानं चार पत्रिका शेजारी शेजारी मांडल्या आणि कपाळाला हात लावला.

"गड्या, आजवर हितनं चूक गेली तर सगळ्यास्नी सारखी गेली. तू माणसागणिक येगळी येळ छापतोस! लोक पत्रिका घरात ठिवून येत न्हाईत रं, पिशवीत घालून आणत्यात. चौघी एका सतरंजीवर बसल्या की झालं तुझं कल्याण."

"कोण बघतंय, इलियास!"

"लग्नात बायका दुसरं काय बघत्यात?"

मल्हार हसला. शहाण्याला हसू लवकर येतं.

मामाची पत्रिका द्यायला तो स्वतः कोयनानगरला गेला. मामानं चष्मा लावून पत्रिका वाचली.

"सकाळी आठ वाजून पाच मिनिटं. लवकर हाय रं मुहूर्त."

"हाय खरा," मल्हार भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाला.

मामानं पत्रिका पुन्हा वाचली. मग बारीक आवाजात विचारलं, "प्रांजल येणार न्हवं?"

"येणार की. फलटणहून दोन दिस आधीच येणार हाय."

"ह्या खेपंला चूक न्हाई, मल्हार. आदल्या दिशी मिरजेत मुक्काम टाकतो. वाटंत सख्खा भाऊ दिसला तरी वळख दावणार न्हाई, फोनबी बंद ठिवतो. आईची आन."

मल्हारला वाटलं, खरी वेळ सांगून टाकावी. पण मग त्याला प्रांजलचं लग्न आठवलं, आणि तो निघायला उठला.

लग्नाचा दिवस उजाडला. वाडीवरून वऱ्हाड ट्रॉलीत बसून कार्यालयात यायला साडेदहा झाले. मल्हारच्या हिशोबानं मामा आता जवळपास पोचत आलेला असायला पाहिजे होता. आठ पाचला बोलावलेला माणूस, त्यात तीन तास मिळवा, म्हणजे बरोबर मुहूर्ताला. तरी त्यानं फोन लावला. फोन बंद.

इकडं मांडवात दुसराच भडका उडाला होता. रंगुबाई आत्या आयुष्यात पहिल्यांदा बोलावल्या वेळेच्या फक्त तासभर उशिरा आल्या होत्या आणि त्या पराक्रमाचं कौतुक ऐकायला शेजारणीजवळ बसल्या होत्या. दोघींनी पत्रिका काढल्या. मग तिसरीनं काढली.

"अगं बया! हिला अकराचं बोलावणं आणि मला नऊ पस्तीसचं? आमी काय सतरंज्या टाकायला आलोय व्हय? सख्खी बहीण मी हरिबाची!"

"तुमाला निदान न्याहारीला बोलावलं," शेजारीण फणकारली. "आमाला न्याहारी उरकल्यावर यायचं निमंत्रण! म्हंजे आमी खायाला आलो असतो व्हय?"

बघता बघता अख्खी सतरंजी पेटली. पुरुषांच्या बाजूलाही खिशातून पत्रिका निघायला लागल्या. लवकर बोलावलेले चिडले, उशिरा बोलावलेलेही चिडले. हिशोब इतका अचूक बसला होता की एकही पाहुणा खूश नव्हता.

"आत्या, मशीनची चूक झाली," मल्हार म्हणाला.

"मशीनला काय ठावं मी निऱ्या दोनदा घालती ते?" आत्यांनी डोळे वटारले. घरातलं कोणीतरी फुटलं होतं, आणि धोंडुबाई एकाएकी अक्षतांची ताटं मोजायला निघून गेली.

इलियास खांबाला टेकून उभा होता. "मशीन गप बसतंय म्हणून बरं हाय गड्या. त्येला तोंड असतं तर तुझं काय खरं न्हवतं."

तेवढ्यात मल्हारची नजर घड्याळावर गेली. अकरा पाच! मामा नाही, नवरी खोलीत बसलेली, नवरदेवाचे मित्र अजून वरातीत नाचतायत आणि मुहूर्त तर हा चालला! तो धावत गुरुजींकडं गेला. गुरुजी बशीत चहा ओतून निवांत फुंकर मारत होते.

"गुरुजी, मुहूर्त टळतोय!"

"कुठला मुहूर्त?" गुरुजींनी बशी खाली ठेवली. "अजून चिक्कार वेळ आहे."

"अकरा पाचचा! आबांनी सांगितलाय."

गुरुजींनी हरिबांकडं पाहिलं. हरिबा पुन्हा गोठ्याकडं बघायला गेले, पण इथं गोठा नव्हता, म्हणून पंख्याकडं बघितलं. "बारा पाच हाय," ते पुटपुटले. "लोक उशिरा येत्यात म्हणून मी आपला तासभर अलीकडं सांगितला हुता."

"बारा पाचही नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पंचांगात बारा पस्तीस आहे. यजमान उशीर करतात म्हणून अर्धा तास मी अलीकडचा सांगतो. सगळ्यांनाच सांगतो. त्यात काय!"

मल्हार होता तिथं खुर्चीत बसला. गुरुजींनी वजा केलं. त्या वजा केलेल्यातून बापानं वजा केलं. उरलेल्यातून आपण वजा केलं. प्रत्येकाला वाटलं, जगात शहाणा मी एकटाच. आणि त्या सगळ्या वजाबाकीच्या तळाशी बसला होता भाऊसोमामा, खऱ्या मुहूर्ताच्या साडेचार तास अलीकडं.

"म्हंजे अजून वेळ हाय," हरिबा खुशीत आले. "मामा येतोय आरामात."

पण मामा येईना. साडेअकरा झाले, फोन बंदच. खोलीत उत्कर्षा हळदीच्याच साडीवर, गुडघ्यांत मान घालून बसली होती. नेसायची ती मामाची साडी, आणि ती मामाबरोबर. प्रांजल दारात उभी होती, कडेवर मुलगा.

"कुणाची वाट बघताय?" ती म्हणाली. "सहा वर्सांमागं मीबी अशीच बघितली हुती. चुलत्याला उभा करा आणि मोकळं व्हा."

"मी न्हाई उठणार," उत्कर्षा म्हणाली. धोंडुबाईनं पदर डोळ्यांना लावला. मल्हारला आपला लॅपटॉप विहिरीत टाकावा असं वाटलं.

तेवढ्यात कार्यालयाची झाडलोट करणारी बनुबाई कापडी पिशवी घेऊन आली. "हरिबाच्या घरची मंडळी ती तुमीच व्हय? सकाळी एक फेटेवाला बाबा ठिवून गेलाय. हरिबाच्या घरी भाचीला पोचवा म्हणाला."

"सकाळी? कवा?" मल्हार उठून उभाच राहिला.

"साडेआठ झालं असत्याल. मी कालच्या रातच्या लग्नाचा केर काढत हुते. अक्षतांचा नुसता सडा, पत्रावळ्यांचा ढीग. त्यो धावत आला, दारातच थांबला, अक्षतांकडं बघून म्हणाला, 'लगीन झालं?' म्हटलं, झालं की, जेवणं झाली, मंडळी गेली. मला काय ठावं तुमचं लगीन अजून व्हायचंय! आजचा फलकबी लागला न्हवता. मटकन पायरीवर बसला बिचारा. फेट्याचा शेमला तोंडात धरून रडला. मग ह्ये दिलं आणि गेला."

मल्हारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मात पहिल्यांदा माणूस वेळ पाळायला निघाला, आणि त्याच्या वेळेला आपण सुरुंग लावला! पिशवीत पिवळ्या साड्या दोन होत्या. एक कोरी करकरीत. दुसरी घड्यांवर पांढुरकी पडलेली, डांबरगोळ्यांचा वास येणारी. एक आईला असेल, असं मल्हारला वाटलं. कोरी त्यानं उत्कर्षाच्या ओटीत टाकली. "नेस ही. मी मामाला आणतो." आणि इलियासची मोटारसायकल घेऊन तो स्टँडकडं सुटला.

साडेआठला गेलेला माणूस आता कुठं सापडायचा? एव्हाना मिरज गाठून कराडच्या वाटेला लागला असणार. पण स्टँडबाहेर मिरजेची वडाप उभी होती. वडाप जीपला वेळापत्रक नसतं. भरली की सुटायची. आज अख्ख्या तालुक्यात लग्नं, लोक गावात येत होते, गावाबाहेर कोणी जात नव्हतं. आणि जीपच्या पुढच्या सीटवर, फेटा मांडीवर घेऊन, भाऊसोमामा बसला होता. दुःख केवढंही असलं तरी ड्रायव्हरनं "कुठलं म्हणायचं पाव्हणं?" विचारल्यावर मामाचं तोंड बंद राहणं शक्यच नव्हतं. एस.टी. समोरून गेली तरी त्याला दिसली नव्हती. ड्रायव्हरची सासुरवाडी पाटणची निघाली होती आणि मामा तिथल्या तिसऱ्या घरापर्यंत पोचला होता.

"मामा!"

मामानं वर पाहिलं आणि मान खाली घातली. "कोणत्या तोंडानं येऊ रं? ह्याबी खेपंला चुकलो. वीस मिनिटं पंचर काढायला थांबलो वाटंत, तेवढाच उशीर."

"मामा, लगीन व्हायचंय अजून. बारा पस्तीसला हाय." मल्हारनं त्याचे पाय धरले. "चूक माझी. तुमी उशिरा येता म्हणून मी तुमच्या पत्रिकेवर मुद्दाम अलीकडची येळ छापली. तुमी बघितला त्यो केर कालच्या लग्नाचा हुता."

मामानं त्याला दंडाला धरून उभं केलं. रागावेल, दोन मुस्काटात देईल, अशी मल्हारची तयारी होती.

"म्हंजे मी आलो तवा कोणकोण आलं हुतं?"

"कोणच न्हाई. नवरदेव न्हाई, गुरुजी न्हाई, आमीबी न्हाई. सगळ्यांत आधी तुमी."

"मी?" मामाच्या मिशा थरथरल्या. "सगळ्यांत आधी? मी?" तो ड्रायव्हरकडं वळला. "ऐकलंस का रं गड्या! चार तास आधी! भाऊसो चार तास आधी!" मग तो जीपमधून उतरला आणि हे पानवाल्याला सांगायला गेला. पानवाल्याकडून रसवंतीवाल्याकडं निघालेल्या मामाला मल्हारनं दंडाला धरून ओढलं.

"मामा, पाया पडतो, आता खराच उशीर व्हईल!"

मोटारसायकल कार्यालयात शिरली तेव्हा बारा वाजून गेले होते. दारात धोंडुबाई उभी होती. मामा उतरला, फेटा बांधायचंही विसरला. बहीणभाऊ एकमेकांपुढं उभे राहिले. रंगुबाई आत्यासुद्धा गप्प झाल्या, यावरून काय ते समजा.

"आलास?" धोंडुबाई म्हणाली. सहा वर्षांतला हा पहिला शब्द. "लवकर आलास दादा." आणि तिनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून असा हंबरडा फोडला, की बाहेरच्या बँडवाल्यांना वाटलं नवरीची पाठवणी सुरू झाली, त्यांनी तसलं वाजवायलाही घेतलं. इलियासनं धावत जाऊन त्यांना थांबवलं.

बारा पस्तीसला अक्षता पडल्या. उत्कर्षा पिवळ्या साडीत, आणि तिच्या पाठीशी भाऊसोमामा, ताठ, जणू धरणाची भिंतच. मंगलाष्टकं संपल्यावर त्यानं मल्हारला खूण करून जवळ बोलावलं.

"खरं सांग. माझ्या नावापुढं किती धरलं हुतंस?"

मल्हारनं ओशाळून सांगितलं, "तीन तास."

"कमी धरलंस," मामा म्हणाला.

त्यानं पिशवीतली दुसरी साडी काढली आणि गर्दीतून वाट काढत प्रांजलपुढं जाऊन उभा राहिला. साडी दोन्ही हातांवर, देवापुढं धरावी तशी. "तुझी हाय पोरी. त्या दिशी आणली हुती. द्यायला त्वांड झालं न्हाई. लय उशीर झाला."

प्रांजल साडीकडं बघत राहिली. कडेवरच्या पोरानं तिच्या पदराला हात घातला, तो तिनं सोडवला नाही. "सहा वर्सं, मामा!" ती म्हणाली, आणि मुठीनं त्याच्या छातीवर एक दणका दिला, मग दुसरा. तिसरा दणका द्यायला उचललेला हात तसाच राहिला. तिनं पोराला मामाच्या कडेवर दिलं आणि साडी घेतली.

"ही नेसून येते," ती डोळे पुसत म्हणाली. "येळ लागंल. थांबशील का तवर?"

"थांबतो की," मामा म्हणाला. "आज मला कुठली घाई हाय!"

प्रांजलनं निऱ्या दोनदा घातल्या. मामा खोलीच्या दाराशी पोराला घेऊन उभा राहिला, जेवायला बोलावलं, गेला नाही, विट्याचा तो मेहुणा लग्नाला आलेला होता, त्यानं लांबून "काय भाऊसो!" म्हणून हाक मारली, तरी मामानं तिकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.